गारेचा पंचनामा

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात गारा अडकल्या तर निरीक्षकाने काय करायचं, याची एक ठरलेली रीत आहे. मोजपात्रात मोजून कोमट पाणी घ्यायचं, ते गारांवर ओतायचं, सगळं वितळलं की एकूण पाणी मोजायचं आणि त्यातून ओतलेलं पाणी वजा करायचं. उरेल तो पाऊस. हवामान खात्याच्या वेधशाळांत सकाळी साडेआठला ही मोजणी होते आणि वहीत आकडा चढतो. समजा तो आला १४ मिलिमीटर. आदल्या दुपारी हे १४ मिलिमीटर रिपरिप पडले, की पंधरा मिनिटांत लिंबाएवढ्या बर्फाच्या गोळ्यांनी झोडपून गेले, हे त्या आकड्याला विचारून कळणार नाही.

निरीक्षक शेऱ्याच्या रकान्यात गारेचा उल्लेख करतो, हे खरं. शिवाय हवामानाच्या नोंदीसाठी जगभर वापरला जाणारा एक संकेत आहे. ०० ते ९९ असे शंभर अंक, प्रत्येक अंक म्हणजे हवेची एक अवस्था. त्यात ६६ आणि ६७ म्हणजे जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस, ६८ आणि ६९ म्हणजे पाऊस आणि हिम मिसळून, ७९ म्हणजे बर्फाचे टणक दाणे. महाराष्ट्रात उभी नोकरी काढलेल्या निरीक्षकाला हे अंक वापरण्याची वेळ येत नाही. ९६ आणि ९९ मात्र त्याच्या ओळखीचे असतात: विजांच्या कडकडाटासह गारा, आणि जोरदार वादळासह गारा.

पण वेधशाळा एकमेकींपासून कितीतरी किलोमीटर दूर, आणि गारेचा पट्टा बहुधा एखाद-दोन, फार तर काही किलोमीटर रुंद. एका शिवारात बाग भुईसपाट, आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात पानही फाटलेलं नाही, असं नेहमीच होतं. महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. ती पाऊस मोजतात, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजतात. गार मोजत नाहीत. ज्या आपत्तीवर सरकारी मदत ठरते, विम्याचे दावे ठरतात, बँकेच्या हप्त्यांचं पुढे काय होणार ते ठरतं, तिचा मुख्य पुरावा तासाभरात वितळून जातो आणि वितळण्याआधी तो टिपायची सोय आपण केलेलीच नाही.

२०१४ साली ही उणीव राज्यभर उघडी पडली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र या भागांत पुन्हा पुन्हा गारा पडल्या. २८ जिल्ह्यांना फटका बसला. लातूर, बीड, उस्मानाबादकडे शेतांत बर्फाचे थर साचले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी काश्मीरची उपमा इतकी वापरली की ती गुळगुळीत झाली. काढणीला आलेला गहू आणि हरभरा, झाडावरची द्राक्षं, डाळिंबं, मोसंबी, संत्री, बियाण्यासाठी राखलेले कांद्याचे डेंगळे, सगळं एका पंधरवड्यात गेलं. पाखरं मेली, जनावरं जखमी झाली. त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली, आणि पंचनाम्याला जाणारी माणसं तीच जी निवडणुकीच्या कामाला लागणार होती.

त्या वेळी उत्तरेकडून जाणारे पश्चिमी वाऱ्यांचे झोत नेहमीपेक्षा बरेच दक्षिणेला उतरले होते. वर थंड, कोरडी हवा. खाली दोन्ही समुद्रांकडून आलेलं बाष्प. आणि मार्चचं तापू लागलेलं ऊन. उंच ढग उभा राहायला एवढं पुरतं.

आता थोडं त्या ढगात शिरू. ढगातला एक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. इतका हलका की तो खाली येतच नाही. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब व्हायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. हे एकत्र येणं दोन वाटांनी होतं. एक वाट थेंबांच्या टकरीची. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढात जो धो धो कोसळतो त्यातला बराच पाऊस या वाटेचा: ढग बुटके, त्यांचा माथा शून्य अंशाच्या पातळीखालीच, बर्फाशी त्यांचा संबंध येत नाही. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये ढगांची प्रयोगशाळा उभारली ती याचसाठी. तिथे ढग अभ्यासकांच्या दारातून आत येतो.

दुसरी वाट बर्फाची, आणि वळिवाचा पाऊस तिनेच येतो. पाणी शून्याला गोठतं हे शाळेत शिकलेलं ढगात लागू पडत नाही. धूळ, माती, काजळी अशा कशाचा तरी आधार मिळाल्याशिवाय सूक्ष्म थेंब गोठायला राजी नसतात. उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत ते पाणीच राहू शकतात. आधार मिळण्याचं भाग्य लाखांतून एखाद्याचं. तो गोठला की बाकीच्यांचं मरण ओढवतं, कारण त्याच तापमानाला बर्फाभोवती टिकायला बाष्प कमी लागतं आणि पाण्याभोवती जास्त. थेंब सुकत जातात, त्यांची वाफ बर्फकणावर जाऊन बसते, कण फुगत जातो.

स्वीडनच्या टोर बर्गेरॉनला हे सुचलं ते एका रानात. १९२२ च्या फेब्रुवारीत तो ऑस्लोजवळ वोक्सेनकोलनच्या टेकडीवर विश्रांतीला गेला होता. फरच्या झाडांमधल्या वाटेवर धुकं यायचं. हवा शून्याच्या वर असली की धुकं पार जमिनीपर्यंत उतरायचं. उणे दहाच्या आसपास थंडी असली की वाटेपुरतं ते नाहीसं व्हायचं. झाडांच्या पानांवरचं हिम त्या धुक्यातलं बाष्प खेचून घेत असणार, असा त्याने अर्थ लावला आणि १९३० च्या दशकात त्यावर पावसाचा सिद्धांत उभा केला. भूखंड सरकतात असं सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरनेही १९११ मध्ये या दिशेने बोट दाखवलं होतं.

म्हणजे मे महिन्यात नगरला किंवा जालन्याला अंगावर पडणारा टपोरा थेंब बहुतेक वेळा वर कुठेतरी बर्फ होता. आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर असते. तिथून जमिनीपर्यंतच्या उबदार हवेत बर्फ वितळतो आणि त्याचा पाऊस होतो.

थंड देशांत या शेवटच्या टप्प्याचेच निरनिराळे प्रकार होतात. खालपर्यंत सगळी हवा शून्याखाली असेल तर हिम पडतं. मध्येच उबदार हवेचा जाडसा थर आला तर हिम वितळून थेंब होतो, आणि त्याखाली पुन्हा पुरेशी थंड हवा असेल तर थेंब वाटेतच गोठून टणक दाणा होतो. अमेरिकेत याला स्लीट म्हणतात. ब्रिटनमध्ये स्लीट म्हणजे अर्धवट वितळलेलं हिम आणि पाऊस यांचं मिश्रण. न्यू जर्सीतल्या आणि लंडनमधल्या मराठी नातेवाइकांचं फोनवर यावरून एकमत होत नसेल, तर दोघंही बरोबर आहेत. खालचा थंड थर पातळ असला तर थेंबाला गोठायला वेळच मिळत नाही. तो तारेवर, फांदीवर, रस्त्यावर आदळतो आणि तिथे काच होतो. दिसायला हा सगळ्यांत साधा पाऊस, आणि सगळ्यांत घातकी. १९९८ च्या जानेवारीत माँट्रियल आणि आसपासच्या प्रदेशात असा पाऊस ५ तारखेपासून पाच-सहा दिवस पडत राहिला. बर्फाच्या वजनाने विजेचे हजाराहून अधिक मनोरे वाकले आणि ४० लाखांवर लोक ऐन थंडीत अंधारात गेले.

गार या सगळ्यांपेक्षा वेगळी. तिला थंडी नव्हे, उन्हाळा लागतो. हिम आणि स्लीट हिवाळ्यातल्या पसरट, शांत ढगांतून येतात. गार दुपारी तीन-चारनंतर उभ्या राहणाऱ्या, माथा ऐरणीसारखा सपाट झालेल्या ढगातून. त्या ढगात वर जाणारा वारा असतो. एक सेंटिमीटरची गार ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडते, अडीच ते साडेचार सेंटिमीटरची ४० ते ६५ किलोमीटरने. गार तेवढी मोठी होईपर्यंत तिला वर तोलून धरायचं तर वाराही तितक्याच जोराने वर जात असावा लागतो. तोललेल्या अवस्थेत ती न गोठलेल्या थेंबांच्या गर्दीत असते, आणि थेंब तिला चिकटून गोठत राहतात.

ताजी गार पातळ, तापवलेल्या पात्याने मधोमध कापून उजेडासमोर धरली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. एक दुधी, एक काचेसारखा, पुन्हा दुधी. दुधी थर म्हणजे थेंब लागताक्षणी गोठला आणि हवेचे बुडबुडे आतच अडकले. नितळ थर म्हणजे पाणी इतकं मिळालं की ते गारेच्या अंगावर पसरलं, सावकाश गोठलं आणि हवेला निसटायला वाव मिळाला. जितके थर तितक्या वेळा गार वर-खाली झाली, असं पाठ्यपुस्तकात वाचल्याचं अनेकांना आठवत असेल. तसं असायलाच हवं असं नाही. कमी पाण्याच्या आणि जास्त पाण्याच्या पट्ट्यांतून एकदाच, सावकाश फिरून आली तरी थर पडतात. गाभ्यात बहुधा मऊ, दुधी हिमगोळी असते, आणि काही गारांच्या गाभ्यात चक्क जिवाणू सापडले आहेत. पानांवर राहणाऱ्या काही जिवाणूंच्या अंगी पाण्याला गोठवण्याची विलक्षण हातोटी असते. पिकावरून उडालेला जीव ढगात जाऊन पिकावर पडणाऱ्या गारेचं बी होऊ शकतो.

वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त मेघांचा गर्भ सांगितला आहे. गर्भ पुरेसा वाढूनही वेळेवर वर्षला नाही तर पुढे तो गारामिश्रित पाणी देतो, असं त्याचं म्हणणं; आणि दाखला दिला आहे तो गाईच्या दुधाचा, फार काळ धरून ठेवलं तर घट्ट होणाऱ्या. गर्भधारणेचा हिशेब आज कुणी मानणार नाही. पण पाणी वर जितकं जास्त वेळ अडकेल तितकं कठीण होऊन येईल, हे निरीक्षण आजही खोडता येत नाही.

मग श्रावणात गारा का नाहीत? ढग तेव्हाही असतात. पण पावसाळ्यात गोठणपातळी उंच, हवा खालपासून वरपर्यंत दमट, वर जाणारा वारा तुलनेने मंद. लहान गार तयार झाली तरी पाच किलोमीटरच्या उबदार, ओल्या हवेत वितळून थेंब होते. फेब्रुवारी ते मे या काळात खालची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत गारेच्या अंगावरचं पाणी उडतं, उडताना तिला थंड ठेवतं, आणि ती शाबूत जमिनीला लागते.

जमिनीला लागल्यावर काय होतं ते आकाराच्या गणितावर ठरतं, आणि हे गणित निर्दय आहे. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट; वेगही वाढलेला असतो; एकूण आघाताची शक्ती साधारण सोळापट. बोराएवढी आणि लिंबाएवढी यांत बोलताना फरक थोडा वाटतो. बोराएवढीने पान फाटतं, लिंबाएवढीने कौल फुटतं. जगात नोंदलेली सर्वांत मोठी गार २०१० च्या २३ जुलैला अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला पडली: व्यास २० सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या वर. त्याहून जड, १.०२ किलोची, बांगलादेशात गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ रोजी पडली. त्या वादळात ९२ माणसं गेली. माणसांच्या मृत्यूचा विक्रम मात्र आपल्या देशाच्या नावावर आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसं मारली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये याची अधिकृत दखल घेतली.

उत्तराखंडातल्या रूपकुंडाची गोष्टही याच यादीत सांगितली जाते. पाच हजार मीटरवरच्या त्या तळ्याकाठी सापडलेले सांगाडे एकाच गारपिटीत मेलेल्या यात्रेकरूंचे, अशी ती गोष्ट. कवट्यांवरच्या जखमांवरून काही जणांच्या बाबतीत ती खरी असू शकेल. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिथले मृत एका वेळचे नाहीत असं दिसलं. काही नवव्या शतकाच्या आसपासचे, तर काही त्यांच्यानंतर हजारेक वर्षांनी आलेले, तेही भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे. गारेवर इतका मोठा आरोप ठेवताना तारीख तपासलेली बरी.

जॉन एलियट या हवामान खात्याच्या अधिकाऱ्याने १८८३ ते १८९७ या वर्षांतल्या भारतातल्या गारपिटींची मांडणी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली होती. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. पुणेकर रोज ज्या सिमला ऑफिस चौकात सिग्नलला थांबतात त्याला नाव पडलं ते यामुळेच. इतकी जुनी परंपरा हाताशी असताना गारेच्या नोंदी आजही बऱ्याच अंशी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर चालतात, हे मला पटत नाही.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षबागेत पंचनाम्याला काय शिल्लक असतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर लागलेला माल जानेवारी ते मार्च तयार होतो. मण्यात पाणी उतरलं, साल ताणली गेली, की बारीक गारसुद्धा पुरते. गारेचा मार लागलेला मणी एका बाजूला दबलेला असतो. दोन दिवसांत तिथे तपकिरी खपली धरते, रस सुटतो, शेजारचे मणी कुजतात. नुसत्या पावसाने तडकलेला मणी वेगळा. त्याची साल देठापासून किंवा टोकापासून सरळ उलते, कारण मुळांनी आणि सालीने प्यायलेल्या पाण्याने तो आतून फुगलेला असतो. काडीवर पाहिलं तर गारेच्या जखमा एकाच अंगाला, वादळ ज्या दिशेने आलं त्या बाजूला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर गार आली तर घड नसतोच. मार बसतो तो कोवळ्या फुटीला, आणि त्याच फुटीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड घडत असतात. पंचनाम्याच्या कागदावर त्या वेळी पीक शून्य आणि नुकसान पुढच्या वर्षीचं.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं तर मदत. २०१५ पूर्वी ही रेघ ५० टक्क्यांवर होती. मदतीचा हा पैसा आकाशातून काय पडलं यावरही ठरतो. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, ढगफुटी आहे, हिमस्खलनही आहे. अवकाळी पाऊस नाही. राज्याने अवेळी पाऊस आपल्या यादीत घातला, पण अशा राज्यापुरत्या आपत्तींसाठी आपत्ती प्रतिसाद निधीतला जास्तीत जास्त १० टक्के हिस्सा वापरता येतो. गोठणपातळी तीनचारशे मीटर खाली असती तर जे गार म्हणून केंद्राच्या यादीत बसलं असतं, ते वितळून आलं की दुसऱ्या रकान्यात जातं. गव्हाला लोळवताना दोघांत फारसं अंतर नसतं.

विम्याचंही असंच. हवामानावर आधारित फळपीक विमा म्हणजे मुळात पंचनामा टाळण्याची युक्ती: केंद्रावर तापमान किंवा पाऊस ठरलेल्या रेघेपलीकडे गेला की भरपाई आपोआप ठरावी. गारेसाठी ही युक्ती चालत नाही, कारण यंत्राकडे गारेचा आकडाच नाही. म्हणून गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं, ७२ तासांत कळवावं लागतं, आणि मग पाहणीला माणूस येतो. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, बागेत गुडघाभर चिखल, अशा अवस्थेत हे ७२ तास चालू होतात. शेतकऱ्यांनी गारा हातात घेऊन फोटो काढायची सवय लावून घेतली आहे ती यातूनच. शेजारी नाणं ठेवलं तर तो फोटो जास्त कामाचा होतो. तळहात लहान-मोठा असतो, नाण्याचं माप ठरलेलं असतं.

गार पडूच नये म्हणून केलेले उपाय जुने आणि गमतीदार आहेत. १८९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या विंडिश-फाइस्ट्रित्झ या गावचा नगराध्यक्ष आणि द्राक्षमळेवाला आल्बर्ट श्टिगर याने उभ्या कर्ण्यासारख्या तोफा ढगांवर डागायला सुरुवात केली. दोन हंगाम बरे गेले आणि तोफांची साथ इटलीभर पसरली. हजारो तोफा, आंतरराष्ट्रीय परिषदा, आणि फुटलेल्या तोफांनी मेलेली माणसं. सरकारांनी नीट चाचण्या घेतल्या तेव्हा तोफा चालू असतानाच गारा पडल्या, आणि खूळ ओसरलं. ते पुरतं गेलेलं नाही. हिमाचलच्या सफरचंद पट्ट्यात गॅसवर चालणाऱ्या गारविरोधी तोफा आहेत. या तोफांना शास्त्रीय आधार नाही हे जागतिक हवामान संघटना सांगत आली आहे. रौप्य आयोडाइड फवारून गारा बारीक करण्याचा मार्ग त्यापेक्षा तर्काला धरून आहे, पण त्याचा परिणाम सिद्ध करणं अवघड. फवारलं नसतं तर काय पडलं असतं ते कोण सांगणार? बागेवरची जाळी किंवा प्लास्टिकचं आच्छादन खरंच वाचवतं. त्याचा एकरी खर्च लाखांत जातो, म्हणून ज्याची बाग वाचते त्याची पत आधीच बरी असते.

मोजायचं कसं, याला उत्तरं आहेत. आधुनिक रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतं. पावसाचा मोठा थेंब पडताना चपटा होतो, म्हणून आडवी लहर जास्त परतते. गार गडगडत येते, तिला आडवं-उभं नसतं, दोन्ही लहरी सारख्याच परततात. या फरकावरून ढगात गार आहे हे ओळखता येतं. ती खाली पोचली का, केवढी होऊन पोचली, हे मात्र जमिनीवरून कुणीतरी सांगावं लागतं.

त्यासाठीचं साधन हास्यास्पद वाटावं इतकं स्वस्त आहे. फोमचा फूटभर चौरस तुकडा, त्यावर ताणून बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, खाली खांब. फ्रान्स आणि स्पेनमध्ये असे फलक वर्षानुवर्षं लावलेले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतून १९९८ मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवकांच्या पाऊसनोंदीत घरोघरचे लोक ते अंगणात ठेवतात. गार पडली की पत्र्यावर खळगा उमटतो, आणि तो वितळत नाही. ठरावीक व्यासाच्या पोलादी गोळ्या ठरावीक उंचीवरून टाकून खळग्याचं माप आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे गार केवढी होती, किती पडल्या, किती जोराने पडल्या, सगळं पुढच्या आठवड्यातही वाचता येतं.

द्राक्षाच्या मांडवाला लोखंडी खांब रोवलेलेच असतात. मंडळातल्या दहा-बारा बागांत एकेका खांबावर असा फलक बसवायला, आणि प्रत्येक वादळानंतर तारीख-वेळ लिहून तो बदलायला, कृषी सहायकाच्या फेरीत फार भर पडणार नाही. खळगा गोल असेल तर गार सरळ पडली. लांबट असेल तर वाऱ्याने तिरकी आली, आणि कुठल्या अंगाने आली तेही तो कुठल्या दिशेने लांबट आहे त्यावरून कळतं. पैसे एकाच बाजूच्या जाळीपुरते असले, तर ती कोणत्या बाजूला लावायची ते तीन-चार हंगामांच्या फलकांवरून ठरवता येईल.